नागरी अक्षरें : खिळ्यांपासून संकेतांकांपर्यंत

‘रत्नागिरी’ या नांवांत अक्षरें किती, असें प्राथमिक शाळेंतील मुलाला विचारलें तर तो बोटांवर मोजून चार असें सांगेल : र, त्ना, गि आणि री. जुन्या छापखान्यांतील जुळाऱ्याला हाच प्रश्न विचारला असता तर त्यानें अक्षरें न मोजतां खणांतून उचलावयाचे खिळे मोजले असते. अर्धा त, न, काना, वेलांटी हीं सगळीं वेगळीं धरून त्याची मोजणी आठाच्या आसपास गेली असती. संगणक मात्र याच नांवाचे नऊ भाग मानतो आणि त्यांबद्दल नऊ आंकडे सांठवून ठेवितो. तिघांपैकीं कोणाचीही मोजणी चुकलेली नाहीं. एकाच लिपीकडे पाहण्याच्या या तीन दृष्टि आहेत. पहिलीपासून तिसरीपर्यंत येण्यास नागरी लिपीला जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. आणि त्या प्रवासांत रत्नागिरीशीं निगडित असलेल्या दोन पुरुषांचीं नांवें ठळकपणें दिसतात.

या विषयाचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं वर्ण आणि अक्षर यांतील भेद प्रथम लक्षांत घेतला पाहिजे. ‘त्’, ‘न्’, ‘आ’ हे वर्ण होत. ते एका उच्चारांत गुंफले गेले कीं ‘त्ना’ हें अक्षर तयार होतें. रोमन लिपि वर्ण एकापुढें एक मांडीत जाते. सव्वीस वर्ण, त्यांचीं लहान व मोठीं रूपें, आंकडे व कांहीं विरामचिन्हें एवढ्यांत इंग्रजी छापखान्याचें काम भागतें. नागरी लिपि वर्ण एकमेकांत गुंफते. काना व्यंजनाच्या उजवीकडे येतो, ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, उकार खालीं, मात्रा वर. आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. लिहिणाऱ्या हाताला यांत कांहींच अवघड वाटत नाहीं. परंतु शिशाच्या चौकोनी तुकड्याला डोक्यावर व पायाखालीं शेजारी सोसत नाहींत. म्हणून जोडाक्षरांचे, उकारयुक्त व्यंजनांचे, रफारासह मात्रांचे असे स्वतंत्र खिळे पाडावे लागले; आणि नागरीचा एक पुरा संच कित्येक शेंकडे प्रकारच्या खिळ्यांचा होऊन बसला.

मराठी भाषेचें नागरी खिळ्यांनीं छापलेलें व्याकरण विल्यम कॅरे यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें १८०५ सालीं प्रसिद्ध केलें. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ पत्र निघालें. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. तें गांव पुढें दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यांत होतें व १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यांत मोडतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानें नागरी खिळ्यांना असें सौंदर्य आणून दिलें कीं, मराठी व संस्कृत ग्रंथांच्या छपाईचा तो एक आदर्शच ठरला. परंतु सुंदर खिळे हे थोडे खिळे नव्हते. जुळाऱ्याला भोंवतालीं मांडलेल्या खणांत सारखे हात फिरवावे लागत. इंग्रजी मजकूर जुळण्यास जेवढा वेळ लागे त्याहून नागरीला पुष्कळ अधिक लागे. आणि वेळ वाढला कीं खर्च वाढे. ज्या देशांत पुस्तक विकत घेणारा मुळांतच गरीब, तेथें हा खर्च म्हणजे विद्येवरील एक करच होता.

हा कर कमी करण्याचा विचार ज्यांनीं मनावर घेतला, त्यांत बाळ गंगाधर टिळक हे एक प्रमुख होत. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारींत निघाला. पत्र चालविणाऱ्याला छापखान्याची अडचण पुस्तकांतून कळत नाहीं. ती दर आठवड्याला अंगावर येते. विसाव्या शतकाच्या आरंभीं टिळकांनीं खिळ्यांची संख्या घटविण्याचा प्रश्न हातीं घेतला आणि कमी खिळ्यांत नागरी बसविण्याची योजना स्वतः आंखली. गणित व ज्योतिष यांत रमणाऱ्या बुद्धीला हा प्रश्न आपला वाटावा यांत नवल नाहीं. थोड्या अवयवांतून पुष्कळ आकृति कशा सिद्ध कराव्या, हा वास्तविक गणिताचाच प्रश्न आहे.

पुढें यंत्रें आलीं आणि अडचण अधिकच तीव्र झाली. जुळारी आपल्या खणांची संख्या वाढवूं शकत असे. यंत्राच्या कळा वाढवितां येत नसत. लायनोटाइप यंत्राला नव्वद कळा असतात. नागरीचे शेंकडों खिळे त्या नव्वदांत कोंबणें म्हणजे सागर घागरींत भरण्यासारखें होतें. १९३० नंतर अमेरिकेंत हरि गोविंद गोविल यांनीं त्या यंत्रावर नागरी आणण्याचा उद्योग केला. टंकलेखन यंत्रांवरही तसेच प्रयत्न झाले. अशा स्थितींत दोन मार्ग उघडे होते. एक, यंत्र लिपीला जुळेपर्यंत वाट पाहणें. दुसरा, लिपीच यंत्राला जुळवून घेणें. त्या पिढीला वाट पाहण्यास सवड नव्हती. तिनें दुसरा मार्ग पत्करला.

त्या मार्गाचे मराठींतील एक आग्रही पुरस्कर्ते विनायक दामोदर सावरकर हे होते. जानेवारी १९२४ मध्यें तुरुंगांतून सोडतांना सरकारनें त्यांना रत्नागिरी जिल्ह्यांत स्थानबद्ध केलें. ते निर्बंध मे १९३७ मध्यें उठले. राजकारण वर्ज्य असलेल्या त्या तेरा वर्षांत त्यांनीं इतर सामाजिक चळवळींबरोबर लिपिशुद्धीचेंही काम चालविलें. त्यांच्या मांडणीचा गाभा ‘अ’ची बाराखडी हा होता. आ, ओ, औ, अं हीं रूपें अ या एकाच अक्षराला चिन्हें लावून झालेलीं आहेत. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनाच निराळे आकार कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै असें लिहिलें कीं सहा खिळे वांचतात, व मुलाला एकच बाराखडी सर्वत्र चालते. जोडाक्षरेंही एकाखालीं एक न रचतां एका ओळींत, अर्ध्या व्यंजनापुढें पूर्ण व्यंजन ठेवून लिहावीं, असा त्यांचा कटाक्ष होता. १९३५ सालीं इंदूर येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं हिंदी साहित्य संमेलन भरलें. त्यानंतर काकासाहेब कालेलकर ज्या लिपिसुधारणेसाठीं झटले, तिच्यांतही ‘अ’ची बाराखडी होती. राजकारणांत ज्यांचीं तोंडें विरुद्ध दिशांना होतीं, त्यांना शिशाच्या खिळ्यानें एका बाजूस आणून बसविलें होतें. स्वातंत्र्यानंतर १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे आणण्याचें ठरविलें. उच्चारांत इकार व्यंजनानंतर येतो, मग लेखनांत तो आधीं कां यावा, हा त्यामागील तर्क होता.

तर्क निर्दोष होता; परंतु लोकांनीं तो मानला नाहीं. लखनौची वेलांटी मागें घ्यावी लागली आणि ‘अ’ची बाराखडी कांहीं नियतकालिकांच्या पानांवर कांहीं वर्षें वावरून मावळली. याचें कारण केवळ जुन्याचा लोभ हें नव्हे. छापखान्यांत जुळारी दहा असले तर बाहेर वाचणारे दहा हजार असतात. जुळाऱ्याचा एक श्रम वांचविण्यासाठीं दहा हजारांच्या डोळ्यांना नवी संवय लावणें, हा व्यवहार लोकांना महाग वाटला. शिवाय जुनीं पुस्तकें, पोथ्या, दस्तऐवज यांची लिपि एक आणि नव्या मुलांची लिपि दुसरी, असा दुरावा निर्माण होण्याचें भय होतेंच. प्रश्न तसाच राहिला, आणि त्याचें उत्तर अखेर छापखान्याबाहेरून आलें.

संगणक अक्षर ओळखीत नाहीं. तो आंकडे ओळखतो. कोणत्या अक्षराला कोणता आंकडा हें सर्वांनीं मिळून ठरवावें लागतें, आणि अशा ठरावाला संकेतावलि म्हणतां येईल. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या ‘आस्की’ या संकेतावलींत एकंदर १२८ जागा होत्या, आणि त्या इंग्रजीपुरत्या होत्या. पुढें जागा दुप्पट होऊन २५६ झाल्या. आतां आशियांतील प्रत्येक भाषेपुढें तोच जुना प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला : आंकडा द्यावयाचा तो अक्षराला कीं वर्णाला?

या प्रश्नाचें एक उत्तर कोरियानें दिलें, व तें नागरीच्या अभ्यासकानें पाहण्यासारखें आहे. कोरियाची हान्गुल लिपि राजा सेजोंग यांच्या कारकीर्दींत १४४३ सालीं सिद्ध होऊन १४४६ मध्यें जाहीर झाली. तिच्यांतही वर्ण सुटे नसतात. ते एका चौकोनांत रचून अक्षर बनतें. परंतु त्या चौकोनाला मर्यादा आहे. आरंभीं १९ पैकीं एक व्यंजन, मग २१ पैकीं एक स्वर, आणि शेवटीं २७ पैकीं एक व्यंजन अथवा कांहींच नाहीं, म्हणजे २८ पर्याय. यांचा गुणाकार ११,१७२ होतो. यापेक्षां अधिक अक्षरें आधुनिक कोरियनमध्यें संभवतच नाहींत. १९८७ सालीं दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संकेतावलीनें यांतील नेहमींचीं २,३५० अक्षरें निवडून त्यांनाच आंकडे दिले. बाकीचीं विरळ म्हणून वगळलीं. परंतु भाषेंत विरळ म्हणून टाकून देण्यासारखें कांहीं नसतें. एखाद्याच्या नांवांत, एखाद्या बोलींत, एखाद्या नव्या शब्दांत तें विरळ अक्षर उभें राहतेंच, आणि तेवढ्यापुरतें लेखन अडतें. जगांतील सर्व लिपींसाठीं तयार झालेल्या युनिकोड या संकेतावलींत प्रथम अशीं ६,६५६ अक्षरें घेतलीं गेलीं. तींही अपुरीं पडलीं, तेव्हां १९९६ सालीं तीं सर्व जुन्या जागांवरून काढून पुरीं ११,१७२ अक्षरें ४४,०३२ या आंकड्यापासून पुढें ओळीनें बसविण्यांत आलीं.

ही मांडणी मोठी नेटकी आहे. पहिल्या व्यंजनाच्या क्रमांकाला ५८८ नीं गुणावें, स्वराच्या क्रमांकाला २८ नीं गुणावें, शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवावा आणि त्यांत ४४,०३२ घालावे, कीं अक्षराचा आंकडा हातीं येतो. क्रमांक शून्यापासून मोजावयाचे. ‘हान्गुल’ या शब्दांतील ‘हान्’ अक्षरांत ह १८ वा, आ शून्यावा व न् चौथा; तेव्हां त्याचा आंकडा ५४,६२० येतो. अक्षराला एकच आंकडा आहे, आणि त्या आंकड्याच्या पोटांत त्याचे वर्णही आहेत. मात्र जुन्या जागांवर लिहून ठेवलेला मजकूर या स्थलांतरानें निरर्थक झाला. तेव्हांपासून युनिकोडनें नियम केला कीं, एकदां दिलेली जागा पुन्हां हलवावयाची नाहीं. या नियमाचें महत्त्व मराठीच्या संदर्भांत पुढें दिसेल.

नागरीला कोरियाचा मार्ग धरतां आला असता काय? नागरी अक्षराला वरची मर्यादा नाहीं, हें याचें उत्तर आहे. ‘कार्त्स्न्य’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरांत र्, त्, स्, न्, य् अशीं पांच व्यंजनें एकत्र आलीं आहेत. कोणतें व्यंजन कोणाला जोडावें याला लिपीचा मज्जाव नाहीं; परभाषेंतील नवें नांव आलें कीं नवें जोडाक्षर जन्मास येतें. जें मोजून संपत नाहीं, त्याला आंकडे वांटून देतां येत नाहींत. म्हणून नागरीनें अक्षरांना नव्हे, तर वर्णांना व चिन्हांना आंकडे देण्याचा मार्ग घेतला.

या मार्गाची आंखणी भारतांतच झाली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांनीं भारतीय लिपींसाठीं संगणकतंत्र उभें केलें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तें काम तेथें पुढें चाललें. भारतीय लिपि ब्राह्मीच्या वंशांतील असल्यामुळें त्या सर्वांची वर्णमाला मूलतः एकच, हें सूत्र धरून ‘इस्की’ नांवाची संकेतावलि तयार झाली. तिच्यांत ‘क’ला एकच आंकडा, तो नागरींत दाखवावयाचा, बंगालींत कीं तामिळींत, हें वेगळें सांगावयाचें. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें तिला मान्यता दिली. याच तत्त्वावर कळफलकही बसविला गेला : डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं व्यंजनें. १९९१ च्या ऑक्टोबरांत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिनें इस्कीचा १९८८ चा आराखडा आधारास घेऊन नागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा दिल्या.

आतां ‘रत्नागिरी’चे नऊ आंकडे वाचतां येतील. र २३५२, त २३४०, पाय मोडण्याचें चिन्ह २३८१, न २३४४, काना २३६६, ग २३२७, ऱ्हस्व वेलांटी २३६७, पुन्हां र २३५२ आणि दीर्घ वेलांटी २३६८. यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. त आणि न यांचें जोडाक्षर कोठेंच सांठविलेलें नाहीं. त, मोडलेला पाय आणि न एका ओळींत ठेवले आहेत. आणि ऱ्हस्व वेलांटी ‘ग’च्या नंतर आहे, आधीं नाहीं. म्हणजे एका ओळींत जोडाक्षरें लिहावीं हा रत्नागिरींतील आग्रह, आणि वेलांटी उच्चाराच्या क्रमानें यावी हा लखनौचा ठराव, हे दोन्ही संगणकाच्या पोटांत अंमलांत आले आहेत. परंतु वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें अक्षर येतें तें जुन्या वळणाचें, कारण आंकड्यांवरून आकार घडविण्याचें काम आतां फाँटकडे आहे. २००० सालच्या विंडोजमध्यें नागरीची अशी सोय प्रथम आली. तिच्यांतील ‘मंगल’ या फाँटचे आकार मुंबईचे अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांनीं घडविले होते. सांठवण आणि दर्शन हीं दोन कामें वेगळीं करतां येतात, हें शिशाच्या खिळ्याला कधींच साधलें नसतें. ‘अ’च्या बाराखडीला मात्र हें भाग्य लाभलें नाहीं, इ, ई, उ, ऊ यांना युनिकोडमध्यें स्वतंत्र आंकडे आहेत.

एवढ्यानें मराठीचें काम संपलें नाहीं. जी कोष्टकें सर्व भारतासाठीं तयार होतात त्यांत एखाद्या भाषेची खास लकब दुय्यम ठरण्याचें भय असतें. कोंकणाला दर्या आहे आणि सह्याद्रीला दऱ्या आहेत. पहिल्या शब्दांतील रफार व दुसऱ्यांतील आडवा र यांत मराठी कान व डोळा चूक करीत नाहींत. परंतु हिंदीला या भेदाची गरज नाहीं. युनिकोडमध्यें आडव्या र साठीं २३५३ हा आंकडा वापरतात. तो मूळचा दक्षिणेकडील भाषांतील कठोर र नागरींत लिहितां यावा म्हणून ठेवलेला आहे. त्याचा पाय मोडला कीं मराठी आडवा र उमटतो. तोच आकार साध्या र नंतर पाय मोडून व ८२०५ हें अदृश्य चिन्ह घालूनही काढतां येतो. डोळ्यांना दोन्ही रूपें सारखींच. परंतु आंकडे भिन्न असल्यामुळें एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधणाऱ्याला सांपडेलच असें नाहीं. तीच गोष्ट ‘ॲ’ची. ॲसिड, ॲक्ट असे शब्द मराठी माणूस अ वर चंद्र काढून लिहितो. कोष्टकांत आरंभीं होता तो ए वर चंद्र असलेला ‘ऍ’. ‘ॲ’ला २४१८ ही स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ साल उजाडलें. तोंपर्यंत लिहिलेल्या मजकुरांत तीं जुनीं रूपें राहून गेलीं. आणि दिलेली जागा हलवावयाची नाहीं या नियमामुळें तीं तशींच राहणार.

याहून मोठी हानि मधल्या काळांत झाली. १९९० च्या दशकांत मराठी वृत्तपत्रें, प्रकाशक व कचेऱ्या संगणकाकडे वळल्या, तेव्हां बहुतेकांनीं जे फाँट वापरले त्यांत वर्णांना नव्हे, तर आकारांच्या तुकड्यांना आंकडे दिलेले होते. आणि प्रत्येक कारखान्याची वांटणी निराळी होती. कागदावर छापून आलें कीं काम भागत असे, म्हणून कोणाला दोष दिसला नाहीं. परंतु तो फाँट नाहींसा झाला कीं मजकुराच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा दिसतो. एका अर्थानें ती शिशाच्या खिळ्यांचीच पद्धति होती. फक्त खणांवरील चिठ्ठ्या नाहींशा झाल्या होत्या. असा मजकूर युनिकोडमध्यें आणण्याचीं साधनें आहेत, पण त्यासाठीं मूळ फाँट कोणता हें ठाऊक असावें लागतें आणि रूपांतरानंतर माणसाच्या डोळ्यानें वाचून पाहावें लागतें. हें काम जितकें लांबेल, तितकी तीं नांवें विसरलीं जातील.

जुन्या कागदपत्रांच्या बाबतींत एक आशेची गोष्टही घडली आहे. मोडी लिपीला २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्वतःच्या जागा मिळाल्या. त्या ७१,१६८ या आंकड्यापासून सुरू होतात. जी लिपि छापखान्यानें अवघड म्हणून बाजूस सारली आणि शाळांनीं नंतर सोडून दिली, तिच्यांतील पत्रें व दप्तरें आतां मोडींतच टंकितां येतील व शोधतां येतील. जिल्ह्याजिल्ह्यांच्या जुन्या दप्तरांतून मोडी कागद बांधून ठेवलेले आहेत. त्यांना आंकडे मिळाले आहेत. वाचणारे मात्र थोडे उरले आहेत. संकेतावलि जें करूं शकते तें तिनें केलें. पुढचें काम मोडी शिकविणाऱ्यांचें आणि शिकणाऱ्यांचें आहे.